पान्याले दोरा नोता

माझं नाव भागाबाई. माह्या मायचं म्हननं असं का मी डोंग्यातच झाली. अगदी डोंग्यात नाई, पन माय नदीपल्याड धान निंदायले गेली होती, तिथी कळा सुरू झाल्या, बापानं तिले डोंग्यात घालून अल्याड आनलं, आनि काठाले लागता लागता मी झाली. तवापासून पान्याची नि माझी ओळख. आमी ढिवर लोकं. मासोळ्या धरा, तलावात शिंगाड्याचे वेल लावा, मुरमुरे भाजा, हेच आमचं. शाळा मी पाह्यली नाई. बाजारात मुरमुरे रद्दी कागदात बांधून विकायची, त्या कागदावरचं अक्षर पाहून पाहून, हे काय जी, ते काय जी, असं गिऱ्हाइकालेच इचारून वाचायले शिकली. अर्धी बातमी वाचून व्हाये का तेवढ्यात तो कागद मुरमुऱ्यासंगं गिऱ्हाईक घेऊन जाये. म्हनून माह्या डोक्यात जगातल्या साऱ्या गोष्टी अर्ध्याच आहेत. ही एक मात्र पुरी आहे. लिहून घ्या बाई, घाई करू नका, चहा होऊन राह्यला आहे.

माह्या जन्माआधी मानमोडीची साथ आली होती, आमच्यात म्हातारे लोकं तिचं नावही हळूच घेत. त्या साथीत माह्या मोठ्या बापाची, म्हनजे बापाच्या थोरल्या भावाची, बायको नि दोन लेकरं आठ दिवसांत गेली, आनि त्याच्यामागून तोही गेला. घरात सांगत, तापानं गेला. एक दिवस जाळं इनता इनता माय बोलून गेली का त्याले ताप आलाच नोता, त्यानं आपला जीव आपनच देला. मी म्हटलं, मंग कोनी अडवलं नाई? माय म्हने, अडवनं तं दूरच, कोनी इचारलं बी नाई. सारे एकमेकाले सांगत का त्याच्यापुढं विषय काढू नका, दुःख वाढते. मी तवा बारा-तेरा वर्साची असन. ते मायचं बोलनं माह्या मनात मासोळीच्या काट्यावानी अडकून राह्यलं, ना गिळता आलं ना थुंकता.

लग्न होऊन मी आली ती आरमोरीपल्याडच्या या गावात. तवा गडचिरोली काही जिल्हा नोता, आमची सारी कचेरी चांद्याले. गावाच्या एका अंगाले जंगल, एका अंगाले धानाच्या बांध्या, आनि पुढं हा तलाव, एवढा मोठा का पल्याडचा मानूस बगळ्याएवढा दिसते. मी आली तवा माझा धाकटा दीर श्रावन दहा-अकरा वर्साचा. सासू त्याच वर्सी गेली. मंग त्याच्या डोक्याले तेल मीच लावलं, त्याचं नाक मीच पुसलं, आनि डोंग्यात उभं राहून जाळं फेकायले बी मीच शिकवलं, आमच्या घरच्यांले, म्हनजे माह्या नवऱ्याले, तेवढी सबूर कुठी! मोठा झाला तं असा ताडमाड झाला का दाराले डोकं आपटे. त्याचं लग्न झालं. बायको कवसा, बारकी, हसरी, बोलायची कमी आनि खायची जास्त, मी तिले चिडवू का तुह्या पोटात शिंगाड्याचं पोतं आहे का वो. ती म्हने, नाई वहिनी, पोतं नाई, आता दुसरंच आहे. असं तिनं पहिल्यांदा सांगितलं.

ते सत्तावन साल. श्रावन वडस्याले तांदळाच्या गिरनीवर पोते उचलायले गेला होता, बाळंतपनाआधी दोन पैसे यावे म्हनून. पावसाळा लागला, रोवने सुरू झाले, आनि तवाच ती तापाची साथ आली. बाजारात लोकं बोलत, इकडं ताप, तिकडं ताप, आंग मोडते, खोकला लागते. आमच्या गावात तवा कोनी पडलं नोतं. मंग गाव बांधायचं ठरलं.

तुमाले गाव बांधनं म्हनजे काय ठाव नसन. साथ आली का गावचा भुमक, म्हनजे गोंड लोकांचा पुजारी, तो सारं पूजापाती करून गावाच्या शिवेवरून दोरा फिरवते. पाच दिवस दोऱ्याच्या आत कोनी यायचं नाई, बाहेर कोनी जायचं नाई. लाकडाले जंगलात जायचं नाई, बैलबंडी जुपायची नाई. ढिवर असो, कुनबी असो, गोंड असो, सारं गाव पाळते. आमचा भुमक म्हातारा, लालसू त्याचं नाव, डोळ्यानं कमी दिसे, पन शिवेचा एकेक दगड त्याले हातानं ओळखू येये. त्यानं दोरा आनला तो तलावाच्या पाळीपरेंत, पान्याच्या काठाले खुंटी ठोकली, आनि गावाच्या दुसऱ्या अंगाले पुन्हा पान्याच्या काठापासून सुरू केला. मधात तलाव, तो तसाच मोकळा. पान्याले दोरा कोन बांधनार? आनि इतक्या वर्सात कोनाच्या मनात आलंच नाई का पान्यावरूनही मानूस येऊ शकते. आमच्या ढिवरांच्या बी मनात आलं नाई, आमी तं रोज त्या पान्यावर!

तिसऱ्या दिवशी सकाळी मी घाटावर भांडे घासून राह्यली होती. पल्याडून हाक आली, हूऽऽ. आमच्या लोकांची हाक पान्यावरून निराळी येते, अन् श्रावनची तं मी झोपेत ओळखू. पाह्यलं तं पल्याड उभा, खांद्यावर गाठोडं. कवसाले आठवा लागला होता. रोज मले इचारे, वहिनी, ते येतील ना? गाव बांधलं म्हनल्यावर तिनं दोन दिवस डोळ्याचं पानी थांबवलं नोतं. मी इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, घाटावर कोनी नाई. मनाले म्हटलं, दोरा मी वलांडतच नाई, जिथी दोरा नाईच तिथून जातो आपन. आनि डोंगा सोडला.

त्याले बसवून आनलं. गाठोड्यात गूळ, खोबरं आनि पिवळ्या कापडाचं एक टोपरं, एवढंसं, माह्या मुठीएवढं. डोंग्यातून उतरतानी त्यानं माझा हात धरला, हात गरम लागला. मी म्हटलं, काय गा, आंग तापलं का? तो म्हने, नाई वहिनी, चालत आलो ना, पोते उचलून कंबर बी दुखते. मी म्हटलं, असन. काय सांगू तुमाले बाई, ते असन म्हननं मी इतक्या वर्सात किती खेपा गिळलं आहे.

दोन दिवसांनी कवसाले ताप आला. चौथ्या दिवशी ती गेली, आनि पोटातलं बी तिच्यासंगंच गेलं. त्याच आठवड्यात गावातले दोन म्हातारे गेले, आनि घरोघरी मानसं पडली, आमचे घरचे बी पडले. श्रावन दोन दिवस खोकलला आनि उठून बसला. त्याले काही झालं नाई. तेच त्याले झालं.

चावडीवर बोलावनं आलं. पाटील, भुमक, चार मानसं, सारे तोंडाले धोतराचा सोगा लावून बसले. दोरा असतानी तू आला कसा? मी पाठीमागं बायांत उभी होती. श्रावननं माह्याकडं पाह्यलं बी नाई. म्हने, पोहून आलो जी, कोनाले ठाव नोतं. एवढा तलाव पोहून? हो जी, पोहून. आनि मी, बाई, मी काहीच बोलली नाई. माह्या घरी तापानं पडलेला नवरा, दोन लेकरं, मले वाटलं मलेही गावाबाहेर काढतील. मी पदर डोक्यावर ओढला आनि घरी आली.

दंड वगैरे कोनी केला नाई, पन गावानं त्याच्याकडं पाहनं सोडलं. हिरीवर तो गेला का बाया बाजूले व्हायच्या. आमच्याकडं रीत आहे, मयताच्या घरी चूल पेटत नाई, भावकीतले लोकं जेवन घेऊन येतात आनि घरच्या मानसाच्या तोंडात पहिला घास आपल्या हातानं घालतात. त्याले कडू घास म्हनते. तो घास घेतला का मानूस पुन्हा जेवायले लागते, पुन्हा गावात येते. कवसाचा कडू घास कोनी आनला नाई. तापाले भेले होते, रागावले होते, दोन्ही. मी रोज भात नेऊन ठेवू, तो खाये का कुत्र्याले घाले, ठाव नाई. पन मी बी त्याच्या तोंडात घास घातला नाई. कोन्या तोंडानं घालू? डोंगा कोनाचा होता?

आरमोरीवरून एक कंपौंडर आला, पांढऱ्या पुड्या वाटून गेला. तो म्हने, हा ताप जहाजातून आला, रेल्वेतून आला, देसोदेसी फिरून राह्यला आहे, तुमचा दोरा त्याले काय करनार, तुमच्या गावात तो बाजारातून अगोदरच आला असन. मी धावत जाऊन श्रावनले सांगितलं. त्यानं आयकून घेतलं. मंग म्हने, वहिनी, तसं असन तं मंग त्यानं मलेच काऊन ठेवलं?

 

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तो माह्या घरी आला. आंघोळ करून, केस इंचरून. मले बरं वाटलं, म्हटलं मानूस हुशारीत आला. त्याच्या खांद्यावर त्याचं जाळं. खुंटीवर अडकवलं आनि म्हने, वहिनी, हे दादाले राहू द्या. बरे झाले का कामी पडन. आनि गेला. मी चुलीपुढं बसली होती, मुरमुऱ्याची रेती तापवत. दोन घटका मी तशीच हात हालवत राह्यली, आनि मंग एकदम माझं ध्यान खुंटीवरच्या जाळ्याकडं गेलं. बाई, ढिवराचं जाळं तुमाले समजत नाई. तो स्वताच्या हातानं इनते, त्याची गाठ निराळी, त्याचा फेक निराळा. भाऊ भावाले बैल देईन, पन आपलं जाळं देत नाई. त्याले पुढं मासोळी धरायचीच नसन, तवाच तो देईन.

रेती तशीच टाकली आनि पळत सुटली. घाटावर डोंगा नोता. तलावाच्या मधात, शिंगाड्याच्या वेलांत, डोंगा उभा, आनि श्रावन त्यात पाठमोरा बसलेला, वल्हं आडवं ठेवून. त्याच्या मनात काय होतं ते त्यानं पुढं स्वताच सांगितलं, मी काही ते तुमाले खोदून सांगनार नाई. मी हाक मारली, त्यानं पाह्यलं नाई. मंग मी लुगड्याचा कासोटा खोचला आनि पान्यात शिरली.

पोहता मले येते, पन त्या वेलांत पाय अडकते, आनि मी तीन दिवस घरच्यांच्या तापात जागलेली. डोंग्यापरेंत गेली तं माझा दम पुरा गेला होता. काठ धरला. तो म्हने, वहिनी, जा तुमी. मी म्हटलं, जाऊ कशी, हातात जीव नाई, वर घे मले. तो म्हने, लेकरं एकटे आहेत, जा. मी म्हटलं, श्रावन, जीव द्यायचं मनात आहे का तुह्या?

असं सरळ इचारलं. कोनी कोनाले असं इचारत नाई. तोंडातून गेलं आनि मलेच वाटलं का वीज पडते आता. वीज पडली नाई. तो म्हने, हो.

बस, हो म्हने. आनि रडायले लागला, एवढा ताडमाड मानूस, लेकरावानी, नाक पुसायचं भान नाई. म्हने, मी आनलं वहिनी, मी त्या टोपऱ्यासंगं ताप बांधून आनला. मी पान्यातूनच म्हटलं, तू नाई आनला, डोंगा मी सोडला. तुझा हात गरम होता ते मले समजलं होतं. चावडीवर तू पोहून आलो म्हनला आनि मी चोरावानी चूप बसली. पाप असन तं अर्धं माझं आहे, तू सारं एकटा घेऊन कुठी चालला? माह्या वाट्याचं इथी ठेव आधी.

तो म्हने, तुमचं नाव मी कधी घेतलं नसतं. मी म्हटलं, तेच तं! आनि माझा एक हात सुटला, तोंडात पानी गेलं. खरंच सुटला बाई, सोंग नोतं.

आता डोंगा म्हनजे काय, एका झाडाचं खोड कोरलेलं. पान्यातून कोनी एका अंगानं चढलं का तो उलटते. चढायचं असन तं आत बसलेल्या मानसानं दुसऱ्या अंगाले झुकायले लागते, आपलं सारं वजन तिकडं टाकून, आनि हात इकडं द्यायले लागते. हे मीच त्याले शिकवलं होतं, तो दहा वर्साचा असतानी. मी खोकलली तसा तो दुसऱ्या अंगाले झुकला. इचार करून नाई, आंगालेच ठाव होतं. झुकला, हात देला, मले ओढून घेतलं. मी डोंग्याच्या तळाशी मासोळीवानी पडली, धापा टाकत. तो म्हने, म्हातारी झाली तुमी, पोहता येत नाई आनि निघाली. मी म्हटलं, वल्हव आता मुकाट्यानं, चुलीवर रेती जळून राह्यली आहे.

घाटावर उतरली ते तशीच वल्ल्या लुगड्यानं चावडीवर गेली. श्रावनचा हात सोडला नाई. पाटलाले म्हटलं, हा पोहून आला नोता जी, मी डोंग्यात आनलं. काय करायचं ते मले करा. पाटील मोठ्यानं बोलायले लागला, ढिवरांले पान्याची मस्ती आली म्हने. तवा लालसू भुमक, कोपऱ्यात तंबाखू मळत बसला होता, तो म्हने, पाटील, थांब जरा. पान्यावर दोरा कोनं नाई बांधला? मी. चाळीस वर्सं मी गाव बांधतो आनि तलाव उघडाच ठेवतो, माह्या बापानंही ठेवला. बाई जिथी दोरा नोता तिथून आली. आता ताप कोनाच्या दारानं आला हे इचारत बसलो तं हे पोरगं बी जाईन. आनखी एक मयत पायजे का तुले?

 श्रावनचं मनातलं त्याले कसं समजलं, मले ठाव नाई. म्हातारा होता, डोळ्यानं कमी दिसे, माह्या आवाजावरून समजलं असन.

सांजच्याले भुमकाची म्हातारी आमच्या आंगनात आली, पानाच्या द्रोनात भात आनि आंबाडीची भाजी. तिच्यामागून पाटलीन, तोंड फुगवून, पन भाकर घेऊन. श्रावनले मधात बसवलं. म्हातारीनं घास केला आनि म्हने, तोंड उघड रे बाबा, माझा हात थरथरते, सांडन. त्यानं उघडलं. त्याले गिळायले किती येळ लागला काय सांगू. मंग दुसरा घास मी घातला.

असं नाई का त्या दिवशी सारं बरं झालं. तसं होत नाई. आमचे घरचे बरे झाले ते आपली बाज श्रावनच्या दारात आडवी टाकून झोपत, म्हनत, मले तिथी वारा चांगला लागते. त्याले एकटं आमी ठेवलंच नाई. मी रोज डोंग्यात घेऊन जाऊ, शिंगाड्याचे वेल एकटीनं सावरत नाई म्हनू, आनि पान्याच्या मधात गेल्यावर रोज इचारू, आज मनात आहे का? पहिले तो म्हने, आहे. मंग म्हने, थोडंसं. मंग एक दिवस चिडला, म्हने, वहिनी, तुमी दुसरं काही बोलत जा ना, मासोळ्या बी कंटाळल्या. त्या दिवशी मी घरी येऊन त्याचं जाळं खुंटीवरून काढलं आनि त्याच्या आंगनात फेकून आली. पुढच्या वर्सी गाव बांधलं तवा भुमकानं दोऱ्याचं टोक त्याच्या हाती देलं, आनि श्रावननं डोंग्यातून तो दोरा तलावावरून पल्याडपरेंत नेला. दोरा पान्यात भिजला, बुडाला, दिसला बी नाई कोनाले. तरी त्यानं नेला.

आता माझी सत्तरी उलटली. आमचे घरचे गेले, लालसू भुमक तं कवाचाच गेला. श्रावननं दुसरं लग्न केलं, उशिरानं, दोन लेकी आहेत, आपल्या घरी सुखी. कवसाचं टोपरं त्याच्या पेटीत आहे, त्याच्या दुसऱ्या बायकोनंच जपून ठेवलं, देव तिले सुखात ठेवो.

परवाची गोष्ट सांगते आनि थांबते. माझा लेक सांगत आला, माय, काकानं आपलं जाळं मले देलं. बाई, मी चहाचा कप तसाच ठेवला. काठी घेतली आनि निघाली, सून म्हने कुठी चालली या उन्हात, मी आयकलं नाई. श्रावन आंगनात बाजेवर बसला होता, डोक्याचे केस सारे पांढरे. मी म्हटलं, श्रावन, जाळं काऊन देलं? मनात आहे का काही? तो आधी पाहतच राह्यला, मंग असा हसला का दात नसलेलं तोंड सारं दिसलं. म्हने, डोळ्याले गाठ दिसत नाई वहिनी, हात थरथरते, म्हनून देलं. दुसरं काही नाई. बसा.

मले पटलं, पन उठून आली नाई. बाजेच्या एका टोकाले टेकली. तसा तो, बोलता बोलता, आपोआप सरकत दुसऱ्या टोकाले गेला आनि तिकडं झुकून बसला. बाज काही उलटनारी नोती. सांज होतपरेंत आमी दोघं तसेच बसलो, दोन टोकाले दोघं.